ज्वारीच्या पिझ्झ्याचं घोडं गिरणीत अडलं – माझा अनुभव

लेकीला गेल्या वर्षी सिलिॲक निघालं, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्यांना इजा करतं असा आजार. रक्तातलं टीटीजी (या आजारात वाढणारी अँटीबॉडी) वाढलेलं, मग एन्डोस्कोपी, बायोप्सी, हे सगळं पटापट झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. गहू, मैदा, रवा, बार्ली आयुष्यभर बंद. नऊ वर्षांची पोर, डॉक्टरांसमोर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे पिझ्झा पण नाही?" मी तिथंच शब्द दिला की घरी करून देईन.

टॉपिंगचं काहीच अडलं नाही, ते पुढे सांगते. अडलं ते पिठापाशी, आणि तेही पिझ्झा छान जमल्यावर.

माझं सासर मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे घरात मालदांडी ज्वारी कायम असते. गिरणीतून ताजं दळून आणलं, जरा जाडसर भाकरी थापली, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली, वर टोमॅटोचा आटवलेला रस्सा, मोझरेला, ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं. इतका सुंदर झाला की लेकीनं अख्खा संपवला. रात्री पोट फुगलं, दुसऱ्या दिवशी जुलाब. मला वाटलं चीज, कारण आतडी बरी होईपर्यंत काहींना दूधही पचत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. चीज बंद केलं. मग ढोबळी मिरची बंद, मग मशरूम. भाकरीवर कुणाचा संशयच गेला नाही हो, ज्वारीत ग्लुटेन नसतंच ना! तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं तर टीटीजी जेमतेम हललेलं. तेव्हा डाएटिशियननी विचारलं, "पीठ कुठं दळता?"

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले आणि या वेळी तिथंच उभी राहिले. माझ्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू झाले, त्याच दगडात माझी ज्वारी पडली, आणि त्या कापडी तोंडातून आधी जे पीठ आलं ती चक्क कणीकच होती, पिवळसर, आणि मग हळूहळू ज्वारीचा पांढरा रंग यायला लागला. गिरणीवाल्या दादांना म्हटलं तर म्हणाले, "ताई, मूठभर तर असतं, त्यानं काय होतंय?" आपल्याकडे ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागे जास्तीत जास्त वीस मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं, आणि मूठभर कणकेत दोन-तीन ग्रॅम तरी असणार! तेव्हापासून मी सकाळी साडेसातला, गिरणी उघडायच्या आधी जाऊन थांबायचे, पहिलं दळण माझं घ्या म्हणून. पण काल संध्याकाळचा शेवटचा गहू दगडात असायचाच, आणि सगळी गिरणी उघडून झाडून द्या असं रोज कसं म्हणणार? एकदा तर साडेआठपर्यंत उभं राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आधी गहू टाकला, दुकानवाल्याची घाई होती म्हणे. त्या दिवशी मी रडतच घरी आले. अजूनही त्या गल्लीतून जाताना संताप होतो, कारण ते तीन महिने माझ्या लेकीच्या पोटानं सोसले.

मग पाकिटातलं ग्लुटेन फ्री लिहिलेलं ज्वारीचं पीठ आणलं. पोट शांत झालं, पण त्या पिठाला विरीच नाही, म्हणजे चिकटपणाच नाही! थापताना कडा फाटायच्या, उलटताना दोन तुकडे, वर सॉस घातला की भुगा. दोन रविवार असेच गेले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं जुन्या पिठाला विरी कुठनं येणार, उकड काढ." एक वाटी पाण्याला उकळी आणायची, मीठ, चमचाभर तेल, एक वाटी पीठ घालून ढवळायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायचं. त्यात मी चमचाभर इसबगोल घातलं, तेच मेडिकलमध्ये मिळतं ते, ते चिकटपणा धरून ठेवतं. बटर पेपरवर थापलं आणि एकही कड फाटली नाही. मी तो गोळा दाबून दाबून बघत होते, अगदी कणकेसारखा लवचिक. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला नीट लिहितासुद्धा येत नाही.

भाकरी फुगू द्यायची नाही हे मात्र लक्षात ठेवा, काट्यानं टोचून घ्या. फुगली की वरचा पापुद्रा पातळ होतो आणि सॉस आरपार जातो. आणि टोमॅटोचा रस्सा सरळ भाकरीवर नको, आधी चीज पसरा, वर सॉस. शिकागोच्या डीप डिशमध्ये असंच उलटं रचतात आणि भाकरीला तर ते फारच मानवतं.

टॉपिंग: आमच्याकडे पहिला नंबर वांग्याच्या भरिताचा. खानदेशी पद्धतीनं हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून केलेलं कोरडं भरीत, तेच सॉस, तेच टॉपिंग, वर मोझरेला आणि भाजलेले शेंगदाणे. दुसरा, लसणाची लाल चटणी तेलात कालवून बेसवर, वर परतलेली मेथी आणि मका. मोठ्यांसाठी ठेचा आणि पनीर.

ज्वारी नको असेल तेव्हा बेसनाचं जाड धिरडं करा, कांदा-ओवा घालून. इटलीत जिनोव्हाकडे हरभऱ्याच्या पिठाची फरिनाता करतात, ती याचीच बहीण. बेसन मात्र ग्लुटेन फ्री लिहिलेलंच घ्या, तेही त्याच गिरण्यांत दळलं जातं. थालीपिठाचा बेस भन्नाट लागतो, पण भाजणीत गहू असतो, म्हणून मी तांदूळ, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद आणि धण्याची बिनगव्हाची भाजणी केली, आणि दळायला आता घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू कधीच पडलेला नाही. धान्य निवडताना गव्हाचे दाणे सापडतात, ते नीट बघा.

हो, आणि हिंग! डबीवर वाचा, बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं ठेवा, त्याच्या रेघांत कणीक बसते.

परवाच्या तपासणीत टीटीजी नॉर्मल आलं. लेकीनं वर्गातल्या चार मैत्रिणींना पिझ्झ्याला बोलावलं आहे आणि भरिताचाच हवा म्हणते.