वेण्यांचा हट्ट आणि दुपदरी लोकर

विणकामाच्या छापील नमुन्यात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, लोकर कोणत्या जाडीची, गुंडे किती, सुया कितीच्या. गिरणीची लोकर विकत घेणाऱ्याला एवढं पुरतं. हाताने कातलेली लोकर घेऊन कोणी आलं की मी तो मजकूर बाजूला ठेवते आणि आधी लोकर हातात घेते. विणकाम शिकवणं आणि लोकांच्या लोकरीला साजेसा नमुना निवडून देणं हे माझं रोजचं काम. त्यातला एक दिवस मी नव्या विद्यार्थ्यांना हमखास सांगते, कारण हातकताईच्या लोकरीबद्दल जे जे सांगायचं असतं ते त्या एकाच दिवसात टेबलावर आलं होतं.

त्या दिवशी एक काका-काकू आले. काका निवृत्त झाल्यावर चरख्यावर लोकर कातायला शिकलेले, काकू विणण्यात मुरलेल्या. काकांनी पिशवीतून लडी काढून ओळीने मांडल्या आणि काकूंनी त्यांच्यावर नमुन्याचा कागद ठेवला. पुढून, मागून, बाह्यांवर, सगळीकडे वेण्याच वेण्या असलेला स्वेटर.

"हाच हवाय मला," काकू म्हणाल्या. "यांचं म्हणणं, लोकर पुरेल. तू बघून सांग."

मी एका लडीचं टोक उलट्या बाजूला फिरवून पीळ मोकळा केला. दोन पदर निघाले. लोकर पिंजून, पेळू करून, लांब ओढ घेत कातलेली होती. हवा धरलेली, हलकी, दाबली की लगेच फुगणारी. अशी लोकर उबेला फार चांगली. केस विंचरून, सगळे तंतू एका दिशेला लावून कातलेली लोकर गुळगुळीत आणि टिकाऊ होते, तिच्यात टाका रेखीव दिसतो. काकांची लोकर त्या जातीची नव्हती आणि तसं असण्याची गरजही नव्हती.

मग मोजमाप. पट्टीवर शेजारी शेजारी, न ओढता वेढे घेतले. 2.5 सेंटीमीटरमध्ये एका लडीचे 10 वेढे बसले, दुसरीचे 13, म्हणजे पहिली जाड, दुसरी बारीक. सगळ्या लडींचं मिळून वजन भरलं 480 ग्रॅम. वेगवेगळ्या लडींतून 10-10 मीटर मोजून तोलले, सरासरी 4 ग्रॅम आली. म्हणजे एकूण साधारण 1200 मीटर. काकूंच्या मापाचा साधा स्वेटर यात बसतो, पण काठावर. वेण्या विणकाम आत ओढून घेतात, तेवढ्याच रुंदीला जास्त टाके लागतात. अंगभर वेण्या असतील तर मी सूत निदान चौथाई तरी जास्त धरते.

"म्हणजे पुरणार नाही?" काकांनी विचारलं.

"पुरण्याचं नंतर बघू काका. आधी वेणी दिसते कशी ते बघू."

काकूंनी तिथेच टाके घातले. एक तुकडा साधा, सुलट-उलट ओळींचा, दुसरा मधोमध वेणी असलेला. काकूंचा हात इतका सारखा की तुकड्यात काही कमी-जास्त दिसलं तर ते लोकरीचंच, याची मला खात्री होती. दोन पदरांचं सूत आडव्या छेदात चपटं असतं. दोन्ही पदर टाक्यात एकमेकांपासून बाजूला सरतात, म्हणून जाळीच्या विणीत त्याची भोकं सुंदर उघडतात, पण वेणी मात्र बसल्यासारखी होते. तीन पदरांचं सूत गोल असतं, ते वेणी वर उचलून धरतं. हे मी सांगितलं असतं तर काकूंनी ऐकून घेतलं असतं, पटलं नसतं. तुकडा हातात आल्यावर त्यांनीच तो खिडकीजवळ नेला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "अहो, एवढी मेहनत करून वेणी दिसतच नाहीये."

काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं कातण्यातच खोट आहे. लडींमध्ये एक एकपदरी लड होती, ती त्यांनी परत पिशवीत सरकवायला घेतली. "ही राहू द्या, हिला पदर जोडायचाच राहिला." मी ती मागून घेतली. तिचेही दोन छोटे तुकडे विणले. एक सुलट-उलट ओळींचा आणि दुसऱ्यात सगळ्या ओळी सुलट. मग सगळे तुकडे कोमट पाण्यात भिजवले, न चोळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि पंख्याखाली सपाट पसरून ठेवले. हातकताईच्या लोकरीचा तुकडा धुतल्याशिवाय मी कोणालाच माप घेऊ देत नाही. चरख्यावर ताणलेली लोकर पाण्यात पडली की तिचं खरं रूप घेते.

जेवणानंतर पाहिलं तर एकपदरी लोकरीचा पहिला तुकडा चक्क तिरका झाला होता. चौकोन विणलेला, कडा मात्र एका बाजूला कललेल्या. दुसरा, सगळ्या ओळी सुलट असलेला, सरळच्या सरळ. सूत एकच, विणणारा हातही एकच. एकाच दिशेच्या पिळाला मोकळं व्हायचं असतं, तो प्रत्येक टाका त्याच बाजूला ढकलतो. पदर जोडताना उलटा पीळ देतात, त्यामुळे हा जोर निघून जातो. सगळ्या ओळी सुलट विणल्या की एका ओळीचा कल पुढची ओळ खोडून काढते. काकांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले. पिशवीत जाणारी ती लड गळपट्टीसाठी बाजूला ठेवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मी हे काम करते.

दुपदरी तुकडा धुण्याआधी 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके देत होता, वाळल्यावर 21. ऐकायला फरक किरकोळ. पण 100 सेंटीमीटर छातीसाठी 200 टाके घातले असते तर पहिल्या धुण्यात स्वेटर जवळजवळ 5 सेंटीमीटरने आवळला असता. म्हणून 210 टाके.

इथून पुढे छापील नमुना लागलाच नाही. एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) या विणकर्तीने रूढ केलेली टक्केवारीची रीत अशा लोकरीसाठीच असावी असं मला वाटतं. छातीचे टाके म्हणजे शंभर टक्के, बाकी सगळं त्याच्या हिशेबाने. मनगट साधारण 20 टक्के, म्हणजे 42 टाके. दंडाला एक तृतीयांश, 70. गळा 40 टक्के, 84. सूत कोणत्याही जाडीचं असो, आपला तुकडा हाच आधार.

मी काकूंना गळ्यापासून खाली विणायला सांगितलं. खांद्यांचा घेर झाला की अंगाचे टाके दोऱ्यावर थांबवायचे, आधी दोन्ही बाह्या पूर्ण करायच्या आणि उरेल ते सगळं सूत अंगाला. संपत आलं की काठाची पट्टी विणून टाके बंद. जाड आणि बारीक लडींची जोडी लावून एक फेरी हिची, एक फेरी तिची, म्हणजे मध्येच जाड पट्टा उठत नाही.

काकू तरीही वेणीवरून हटेनात. "एक तरी," त्या म्हणाल्या.

"एक नको, काकू. या लोकरीला साधी वीणच शोभते. पुढच्या खेपेला काकांकडून तीन पदरी, जास्त पिळाचं सूत मागून घ्या."

"ऐकलंत ना?" काकूंनी काकांकडे पाहिलं. काका खिशातून वही काढून लिहूनच घेत होते. विंचरलेली लोकर, तीन पदर, पीळ वाढवायचा, आधी थोडी कातून तुकडा धुवायचा.

स्वेटर पूर्ण झाल्यावर काकू तो घालूनच दाखवायला आल्या. लांबी कमरेच्या खाली चार बोटं भरली होती आणि जाड-बारीक सूत कुठे बदललं ते मलाही शोधावं लागलं. उरलेली लोकर त्यांनी छोट्या गुंडीत गुंडाळून आणली होती, तिचं काय करू विचारत होत्या. ती ठेवून द्यायला सांगितली. कोपर विरलं तर रफू करायला तसंच्या तसं सूत दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.