तुम्ही विचारलंत म्हणून: सळीचं पत्र

"कुवेतमध्ये सगळं गेलं, तेव्हा घरी पत्रात काय लिहिलंत हो?" लग्नात, बाराव्याला, एसटीत, कुठेही हा प्रश्न येतो. कुवेतमधून भारतीयांना परत आणलं त्यावर सिनेमा आल्यापासून तर जास्तच.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य शिरलं. कुवेतमधल्या शुवेखमध्ये माझं मोटारींच्या एसीचं दुकान होतं. परवाना कफिलाच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या कुवेती माणसाच्या नावावर, माल माझा. ११ वर्षांची कमाई थोडी बँकेत, बरीचशी कॉम्प्रेसरांत. बँकेला टाळं लागलं, दुकान शटर वाकवून कुणी धुऊन नेलं. खिशातल्या कुवेती दिनारला साठेक रुपये पडायचे. इराकनं तो कितीतरी स्वस्त अशा इराकी दिनारच्या भावाला आणून बसवला.

बसनं बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, मग अम्मान. आपल्या माणसांना परत आणायला ५९ दिवसांत विमानाच्या ४८८ फेऱ्या झाल्या म्हणतात. माझ्या लेखी एकच, आणि ती मिळेस्तोवर नऊ दिवस तंबूत.

पत्र तिथलं. दुकानातली एकच वस्तू माझ्या पिशवीत राहिली होती, कोरं बिलबुक. त्याच्याच पाठकोऱ्या पानावर उसन्या पेनानं सुरुवात केली: 'तीर्थरूप आईस शि. सा. न. वि. वि. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.' हात आपोआप चालला. मग लक्षात आलं, कळवणार कुठे? शेवटचं वाक्य खोडलं.

आईला वाचता येत नव्हतं. पत्र दादा पडवीत मोठ्यानं वाचायचा, आणि आखातातून पत्र आलं म्हटल्यावर वाडीतली चार माणसं येऊन टेकायचीच. त्यांच्यादेखत 'मी बुडालो' हे दादाच्या तोंडून यायला नको होतं. 'बँका उघडल्या की सगळं मिळेल' असंही एकदा लिहिलं आणि फाडलं. त्या भरवशावर आई गवंड्याला शब्द देऊन बसली असती! नव्या घराच्या चिऱ्याच्या भिंती लिंटेलपर्यंत आल्या होत्या, दिवाळीनंतर स्लॅब टाकायची ठरली होती.

शेवटी लिहिलं ते एवढंच: 'दुकानाचं आता धरून चालू नका. स्लॅबचं थांबवा, पुढच्या पावसाआधी पत्रे घाला. सळी आणून टाकली असेल तर दुकानदार परत घेतो का ते दादानं विचारावं.'

चिपळूणच्या एकाचा नंबर माझ्याआधी लागला. त्याच्याकडे पत्र दिलं, मुंबईत पेटीत टाकायला. मी घरी पोचलो त्याच्या चार दिवस आधी ते पोचलं होतं. दादा सांगतो, तो सळीपर्यंत आला तेव्हा आई म्हणाली, "पुरे. कळलं मला." आणि भात लावायला आत गेली. बाकीचे पडवीत बसूनच होते, पुढचं ऐकायला.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं भरपाई दिली. दुसरा दावा करणार नसाल तर एकट्या माणसाला ४ हजार डॉलर. दुकानाचा दावा लावायचा तर कागद हवेत, आणि माझ्याकडे कागद म्हणजे ते बिलबुक. कोरं. मी चार हजार घेतले.

त्यातून १९९७ मध्ये स्लॅब टाकली. सळी नवीन घ्यावी लागली. जुनी दुकानदारानं तेव्हाच परत घेतली होती, किलोमागे आठ आणे कापून.