फळीवरचा भोवरा

रात्रीचे दीड वाजलेत. झोप येत नाही, आणि दोष चहाचा नाही.

संकेतने लावून दिली होती ती डॉक्युमेंटरी, हेलन स्टिकलरची. मार्क रोगोव्स्की, टोपणनाव गेटर. ऐंशीच्या दशकातला कॅलिफोर्नियाचा स्केटबोर्डर, चाकं लावलेल्या फळीवर कसरती करणारा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खिळलो तो त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फळीवरच्या चित्राने. गरगरणारा भोवरा, सपाट रंग, स्वच्छ कडा. हे ब्रशने ओढायचं तर हात किती बसलेला हवा, एवढंच बघत होतो.

मग घसरण. तो यू आकाराच्या उंच रॅम्पवरचा राजा. व्हिजन कंपनीचे कपडे, पोस्टर, महिन्याला हजारो डॉलर. दशक संपता संपता पोरं रॅम्प सोडून रस्त्यावर आली, पायऱ्या नि कठड्यांवरून फळ्या उडवू लागली. याला ते साधेना. आणि मी इकडे मान हलवतोय, अगदी रे, अगदी! आमच्याकडे फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा स्टँडसमोरच्या एकाने माझ्या रंगवलेल्या बोर्डावरच फ्लेक्स ठोकला. आठ दिवस खपलो होतो त्यावर. एक खिळा सरळ माझ्या 'श्री'तून गेला होता. डोळ्यांत पाणी आलं. गेटरसाठी की 'श्री'साठी, कोण जाणे.

आणि मग १९९१. माजी प्रेयसीच्या मैत्रिणीवर त्याने बलात्कार केला, तिला ठार मारलं, वाळवंटात पुरलं. पुढे स्वतःच कबुली दिली. शिक्षा ३१ वर्षं ते जन्मठेप. तुरुंगात कॅमेऱ्याला मज्जाव, म्हणून त्याचा फक्त फोनवरचा आवाज ऐकू येतो.

माझं ते पाणी तिथेच आटायला हवं होतं. आटलं नाही, हे डाचतंय. मनात आपलं चालूच, बिचाऱ्याचं काम गेलं, नाव गेलं, म्हणून डोकं फिरलं. म्हणून? टोनी हॉक, त्याच काळातला दुसरा नावाजलेला स्केटबोर्डर, तोही रॅम्पवरचाच. त्याचीही कमाई त्याच काळात आटली. तो नाही उठला कुणाच्या जिवावर.

त्या मुलीचं नाव काय, हे बघायला मला सिनेमा मागे न्यावा लागला. भोवरा मात्र आत्ता डोळे मिटून काढून दाखवेन.

फ्लेक्सच्या नावावर मीही पुष्कळ खपवलं. त्या वर्षी घरात जे काही... ते सुनंदाला विचारावं. ती सांगणार नाही.

नाही, मी तसला नाही. पण हे तरी मी कुणाला सांगतोय?

'काम गेलं म्हणून' हे मी इतक्यांदा म्हटलंय की त्याचा बोर्डच करून दारावर टांगायला हवा होता. पिवळ्यावर लाल, अक्षरांना काळी सावली. स्वस्तात पडला असता, पेंटर घरचाच. आणि लांबून वाचता आला असता, फ्लेक्ससारखा दोन पावसाळ्यांत विटलाही नसता.

सुनंदा मघाशी उठली. एवढ्या रात्री काय लिहिताय? म्हटलं, उद्याच्या नंबरप्लेटी. दोनच आहेत, त्यांना वही लागत नाही हे तिलाही ठाऊक आहे.

लाइट तेवढा घालवा, म्हणाली.