दिवाणजींच्या हातची पट्टी आणि जुन्या डिस्कमधले आकडे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाला मी 2021 च्या डिसेंबरअखेर पट्टीचा प्रोग्रॅम लिहून दिला. सौदा झाला की वजन आणि दर एक्सेलमध्ये चढवायचे, प्रोग्रॅम हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशाचा हिशेब, छापणार. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तक्ते हाताळायची तिची लायब्ररी पांडाज, एवढंच काम. दोन हंगाम बिनतक्रार गेले.

फेब्रुवारी 2024 मध्ये नवी हळद यायला लागली आणि नेमका दुकानातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. नव्या मशीनवर मी पायथन 3.12 टाकलं, लागणाऱ्या पॅकेजेसची (तयार कोडच्या गठ्ठ्यांची) यादी असलेली माझी रिक्वायरमेंट्स फाइल पिपला, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमला दिली, सगळं सुरळीत बसलं. संध्याकाळी दिवाणजींचा फोन आला, "सर, पट्टी निघंना झालीया. माणसं खोळंबल्यात."

स्क्रीनवर लिहिलं होतं की डेटाफ्रेमला, म्हणजे पांडाजच्या तक्त्याला, अपेंड नावाचं काही नाही. माझ्या फाइलमध्ये 'पांडाज' एवढंच नाव होतं, पुढे आवृत्तीचा आकडा नव्हता. त्यामुळे पिपने त्या दिवशीची ताजी आवृत्ती आणली. ओळी जोडायची अपेंड ही पद्धत जानेवारी 2022 मध्ये आलेल्या 1.4 पासून 'जाणार' म्हणून जाहीर झाली होती आणि एप्रिल 2023 च्या 2.0 मध्ये काढून टाकली गेली. आमचं जुनं मशीन 1.4 च्याही आधीच्या आवृत्तीवर थांबलेलं, म्हणून इशारासुद्धा कधी दिसला नाही.

त्या रात्री दिवाणजींनी पट्ट्या हाताने लिहिल्या. अथणीहून आलेल्या एका शेतकऱ्याची गाडी चुकेल म्हणून त्यांची पहिली लिहिली. मी शेजारी बसून कॅल्क्युलेटरवर बेरजा तपासत होतो. घामाच्या पैशाचा हिशेब माझ्या एका अर्धवट ओळीमुळे अडला होता, ते फार लागलं मनाला.

आधी कुठली आवृत्ती होती, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. पण मदरबोर्ड गेला तरी डिस्क शाबूत होती. ती यूएसबीच्या डबीत घालून माझ्या लॅपटॉपला लावली. पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजचा एक 'डिस्ट-इन्फो' फोल्डर असतो आणि त्याच्या नावातच आवृत्ती असते. पांडाज 1.3.5. फाइलमध्ये चारच नावं होती, त्या चौघांचे आकडे वहीत उतरवले आणि फाइलमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांनी पक्के केले. 3.12 साठी पांडाज 1.3.5 तयार मिळत नाही, म्हणून पायथन 3.9 शेजारी बसवलं. आता मशीनवर दोन पायथन झाले, तेव्हा नुसतं 'पिप' न लिहिता त्याच पायथनच्या नावाने पिप चालवायचं. नाहीतर पॅकेज एका घरात जातं आणि प्रोग्रॅम दुसऱ्या घरात शोधत बसतो.

मग तपासणीचा प्रश्न आला. 'पिप चेक' चालवलं, सगळं ठीक आहे म्हणालं. मी निर्धास्त होणार होतो, पण ते तपासतं काय हे नीट वाचलं. बसवलेल्या पॅकेजेसचं एकमेकांशी जमतंय का, एवढंच ते बघतं. माझी फाइल ते उघडतही नाही. आदल्या दिवशी, पट्टी अडलेली असताना चालवलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं.

म्हणून स्वतःच छोटी स्क्रिप्ट लिहिली. फाइलमधली ओळ घ्यायची, पायथनच्याच इम्पोर्टलिब-मेटाडेटाला बसलेली आवृत्ती विचारायची, दोन्ही ताडून बघायच्या. मी सुरुवातीला नुसती अक्षरं जुळवत होतो, ते चूक. आवृत्तीच्या नियमाने 2.0 आणि 2.0.0 एकच, आणि 1.10 ही 1.9 च्या पुढची. अक्षरांच्या हिशेबात दोन्ही उलटं पडतं. हे काम 'पॅकेजिंग' नावाच्या लायब्ररीवर सोपवलं.

जुलैमध्ये दिवाणजींच्या लॅपटॉपवर तेच बसवलं. स्क्रिप्ट म्हणाली चारही बरोबर, पण पांडाज उघडेचना. पांडाज जिच्यावर उभी आहे त्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या डीटाइपचा (आकड्यांचा प्रकार सांगणाऱ्या रचनेचा) आकार बदललाय अशी तक्रार. नमपाय 2.0 नुकतीच, 16 जून 2024 ला आली होती. पांडाज 1.3.5 ला नमपाय किमान कितवी हवी हे ठाऊक, जास्तीत जास्त कितवी चालेल याची मर्यादा त्यात नाही. पिप चेक त्यामुळे गप्प. नमपाय माझ्या चार नावांत नव्हतीच, ती पांडाजच्या मागून आलेली, म्हणून माझी स्क्रिप्टही गप्प.

परत ती डिस्क काढली. या वेळी एकूण एक डिस्ट-इन्फो फोल्डर वाचला आणि मागून येणाऱ्यांसकट सगळ्यांचे आकडे फाइलमध्ये घातले. आता प्रोग्रॅम सुरू होताना आधी तपासणी होते. पॅकेजचं नाव, हवी ती आवृत्ती, बसलेली आवृत्ती असे तीन रकाने दिसतात. फरक असला तर ओळ लाल होते आणि पट्टीचा पडदा उघडतच नाही. दिवाणजी सकाळी दुकान उघडलं की सौद्याच्या आधी तो पडदा बघून घेतात. लाल दिसलं तर मला नऊच्या आत फोन येतो.