हर्षवर्धनची गदा आणि भगूरची माती

आमच्या नाशिकला कुस्तीचं वेड जुनंच, पण महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा काही येत नव्हती. ती आणली हर्षवर्धन सदगीरने, २०२० च्या जानेवारीत, पुण्याच्या बालेवाडीत. पोरगा मूळचा अकोले तालुक्यातला, नाशिकजवळच्या भगूरच्या तालमीत घडला, पुढे पुण्यात वस्ताद काका पवारांकडे गेला. गादी गटात, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, त्याने अभिजित कटकेसारख्या आधीच्या महाराष्ट्र केसरीला हरवलं आणि फायनलला समोर कोण तर शैलेश शेळके, म्हणजे त्याच वस्तादांचा पठ्ठ्या, रोज एकमेकांशी लढत करणारे दोघं, एकमेकांचे डाव तोंडपाठ, मग कुस्ती अडकणारच ना. ३-२ ने सुटली. आम्ही घरी टीव्हीसमोर उभेच होतो, वडिलांनी तर चहा हातातच गार केला.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते नंतरचं. जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला सरळ खांद्यावर उचलून घेतलं! माझे तर डोळेच भरून आले.

२०२३ ला धाराशिवला तो परत फायनलला गेला, तिथे शिवराज राक्षेने त्याला हरवलं. वाईट वाटलंच. पण जवळपास चार वर्षांनी पुन्हा तिथपर्यंत पोचणं, तो खुराक, त्या पहाटेच्या जोर-बैठका, हे सोपं नाहीये हो. लहानपणी मी पण तालमीत जायचो, तेल-ताक घातलेल्या लाल मातीचा तो वास अजून नाकात आहे.