हिरव्या थाळ्या : पाच उजळल्या, सहावी अडली

मागच्या नोंदीत मी एका वाड्यातून घेतलेल्या काचेच्या सहा जुन्या हिरव्या थाळ्यांवरच्या ज्या पांढुरक्या धुरकटपणाबद्दल लिहिले होते, त्याचे मूळ अखेर सापडले. ते आमच्या बोअरच्या पाण्यात होते. पाच थाळ्या आता इतक्या नितळ झाल्या आहेत की खिडकीतल्या उन्हात धरल्या तर काठावरच्या द्राक्षवेलीची हिरवी सावली भिंतीवर उमटते. सहावी मात्र अजून तशीच आहे, आणि तिचा प्रश्न या पाचजणींपेक्षा अगदी वेगळा निघाला.

किराणा दुकानातून आणलेल्या निंबूफुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात थाळ्या तासभर बुडवून ठेवण्याचा प्रयोग मी तीनदा केला होता, हे आपल्याला आठवत असेल. प्रत्येक वेळी पाण्यात असेपर्यंत काच स्वच्छ दिसायची आणि वाळली की तोच पडदा पुन्हा चढायचा. मी निंबूफुलाला दोष देत प्रमाण वाढवत राहिले. गेल्या आठवड्यात काळ्या काचेच्या एका जुन्या बाटलीवर बोअरच्या पाण्याचा एक थेंब आणि गावातल्या आरओ केंद्राच्या कॅनमधल्या पाण्याचा एक थेंब शेजारी शेजारी ठेवून बाटली उन्हात आडवी केली. अर्ध्या तासाने पहिल्या थेंबाच्या जागी पांढरे कडे उरले होते, दुसऱ्याच्या जागी जवळजवळ काहीच नव्हते. ॲसिड आपले काम नीट करत होते. शेवटच्या धुण्यात मीच त्याच पाण्याने क्षार परत चढवत होते.

दर्यापूर तालुक्यातले आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवणारे टीडीएस मीटर लावून पाहिले तेव्हा बोअरच्या पाण्याचा आकडा 1860 आला आणि कॅनच्या पाण्याचा 64. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत क्षार योग्य मानले जातात आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतले जातात. म्हणजे पिण्याच्या हिशेबात कसेबसे बसणारे हे पाणी काचेच्या हिशेबात बसत नाही. आता पहिले धुणे साबणाने बोअरच्या पाण्यात, मग निंबूफूल, मग कॅनच्या पाण्याने दोनदा विसळणे, आणि थाळी निथळत न ठेवता जुन्या धोतराच्या मऊ कापडाने लगेच पुसणे, असा क्रम ठरला आहे. राखेने घासणे मी घरात पूर्ण बंद केले, कारण राख खरखरीत असते आणि तिच्यातला अल्कलीही काचेला मानवत नाही.

तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन आलेल्या मुलांना याच पाच थाळ्यांत पुरणपोळी वाढली. तुपाचा ओघळ हिरव्या काचेवर फार सुंदर दिसतो. गरम रस्सा मात्र मी या काचेत वाढत नाही. ही साधी सोडा-लाइम काच आहे, म्हणजे बाटल्या-खिडक्यांची नेहमीची काच. उष्णतेने ती बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकदम चटका बसला की तडकते. रश्श्यासाठी अंबर रंगाच्या टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेच्या, फ्रेंच वाट्या आहेत, आणि त्यासुद्धा आधी कोमट पाण्यातून काढून घेते.

आता सहावी. तिच्यावरचा धुरकटपणा सर्वत्र नाही. खोलगट भागात एक स्पष्ट गोल रेघ आहे, तिच्या आत काच आंधळी आणि बाहेर चकचकीत. भिंगातून पाहिले तर क्षाराचा थर वर उठलेला दिसतो, नखाला त्याची कड लागते. इथे नखाला काहीच लागले नाही. ती रेघ पाण्याच्या पातळीची असणार असे वाटले, म्हणून ज्या वाड्यातून हा संच घेतला तिथल्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "ते थाली तं म्या पाखराईच्या पान्यासाठी ठेवली होती माय, आंगनात." वर्षानुवर्षे उन्हाळ्यात त्या थाळीत पाणी भरले जाई आणि आटत जाई. साचलेले पाणी काचेतला सोडियम हळूहळू ओढून घेते, पाणी अल्कधर्मी होते, आणि मग ते काचेच्या सिलिकालाच खाऊ लागते. असा खाल्लेला पृष्ठभाग कोणत्याही आंबट पाण्याने परत येत नाही. तेल लावले की तो तात्पुरता झाकला जातो, आणि काही विक्रेते विकताना नेमके हेच करतात. जुनी काच घेताना ती साबणाने धुऊन, वाळवूनच पाहावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

उपाय एकच उरतो, सिरियम ऑक्साइडने, म्हणजे काचेला झिलई देणाऱ्या बारीक पुडीने, पॉलिश करणे. ऑनलाइन मिळणारे महागडे संच मला पटले नाहीत. अमरावतीत चष्म्याच्या काचेच्या भिंगांना अजूनही हाताने पॉलिश करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडून 100 ग्रॅम पूड मिळाली आणि नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती कमी वेगाने व सतत ओली ठेवून चालवण्याचा सल्लाही. काच तापली की तडकते, म्हणून ही ताकीद त्यांनी दोनदा दिली. त्याआधी थाळीत युरेनियम नाही ना, हे पाहणे गरजेचे होते, कारण काही जुन्या काचांना रंगासाठी ते घालत आणि घासताना त्याची धूळ उडू शकते. अशी काच अतिनील उजेडात हिरवी चमकते. पहिली मागवलेली अतिनील उजेडाची बॅटरी 365 नॅनोमीटरची म्हणून आली, पण तिचा उजेड इतका जांभळा होता की ती 395 ची असणार. दुसऱ्या, खऱ्या 365 च्या बॅटरीखाली माझी युरेनियम काचेची जुनी पिवळसर वाटी झगझगीत हिरवी उजळली, थाळ्या मात्र जवळजवळ काळ्याच राहिल्या. म्हणजे त्यांचा हिरवा रंग लोहाचा किंवा क्रोमियमचा असावा. तरीही पूड कोरडी उडू देणार नाही.

रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दोन तास काम केले. तिथली काच उजळली, पण तिरपे पाहिल्यावर हलकी लाट दिसते. आता पूर्ण खोलगट भाग घासावा असे ठरवत होते, तेवढ्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला. पहिली पंधरा मिनिटे वाहून जाऊ देऊन घमेल्यात पाणी धरले, मीटरवर आकडा आला 18. म्हणजे विसळण्यासाठी कॅनचीही गरज नाही, आणि पॉलिशची पूड कालवायलाही हेच पाणी वापरता येईल. म्हणून बेत बदलला आहे. पाऊस आहे तोवर दोन ड्रम झाकण लावून भरून ठेवायचे, पॉलिश आधी फुटक्या अंबर बशीवर शिकायचे, आणि लाट न येता हात बसला तरच सहाव्या थाळीला हात लावायचा. नमद्याची चकती कडक घ्यावी की मऊ, यावर ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी जरूर लिहावे.