या पत्त्यावर कोणी राहत नाही

राउटरच्या शेजारी, पुस्तकांच्या फळीवर, तळहातावर मावेल एवढी एक डबी आहे. तिच्यावरचा हिरवा दिवा अधूनमधून लुकलुकतो. घरात तिला 'बाबांची डबी' म्हणतात, आणि म्हणताना आवाजात कौतुक कमीच असतं.

डबीत रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर पाय-होल नावाचा प्रोग्राम चालतो. घरातल्या कुठल्याही यंत्रानं पत्ता विचारला की पत्ता सांगायचा, एवढंच तिचं काम. इंटरनेटवर नावानं कोणीच राहत नाही, राहतात ते आकड्यांनी. आपण साइटचं नाव लिहितो आणि डीएनएस नावाची यंत्रणा त्या नावाचा आकडा शोधून आणते. नेटवर मोजकीच यंत्रं होती तेव्हा सगळ्यांची नावं नि आकडे एकाच फाइलीत लिहिलेले असत आणि जो तो ती फाइल उतरवून घेई. पसारा वाढला, फाइल आवरेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची रचना मांडली. ती फाइल मात्र मेली नाही. 'होस्ट्स' या नावानं ती अजूनही बहुतेक कॉम्प्युटरांच्या एका कोपऱ्यात पडलेली असते. जाहिराती पुरवणाऱ्या सर्व्हरांची नावं तिच्यात लिहून समोर मुद्दाम चुकीचा आकडा टाकायचा, ही युक्ती कोणाला तरी सुचली. डबी तेच सगळ्या घरासाठी करते. एरवी खरं बोलते आणि यादीतलं नाव आलं की धडधडीत खोटं सांगते: ०.०.०.०. म्हणजे या पत्त्यावर कोणी राहत नाही. विचारणारा मुकाट परत जातो आणि जाहिरात घरात शिरतच नाही.

ती बसवायचं कारण तसं फुटकळ होतं. नळ गळत होता आणि वॉशर कसा बदलायचा ते मी एका पानावर वाचत होतो. एक हात नळावर, दुसऱ्याचा अंगठा फोनवर. तिसऱ्या ओळीवर आलो तोच वरून एक जाहिरात उतरली, ओळ खाली सरकली आणि अंगठा नेमका जाहिरातीवर पडला. मागे फिरलो, तर पान पुन्हा पहिल्यापासून. असं चारदा झालं. नळ शेवटी अंदाजानंच दुरुस्त केला, आणि तो आजही थोडा गळतो.

१९९४च्या ऑक्टोबरात 'वायर्ड' मासिकाच्या हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीची ती प्रसिद्ध पट्टी झळकली. ती बिचारी जागच्या जागी उभी असे, लोकांनी बघावं म्हणून. आताच्या जाहिराती आपल्याकडे बघतात, आणि माझा खरा राग त्यावर होता. ब्राउझरमध्ये अडवणारं एक्स्टेंशन टाकता येतं, पण टीव्हीत ते कुठे टाकणार? फोनवरच्या ॲपांचं काय करणार? म्हणून अख्ख्या घराच्या वाटेवरच माणूस बसवायचा ठरवला.

बसवायला अर्धा दिवस लागला, चूक निस्तरायला दोन दिवस. घरातल्या सगळ्यांनी पत्ता डबीलाच विचारावा, असं राउटरला सांगायचं असतं. तिथे दोन रकाने होते. पहिल्यात डबीचा आकडा टाकला आणि दुसऱ्यात, डबी बंद पडली तर असावा म्हणून, बाहेरच्या एका डीएनएसचा. झालं, जाहिराती कधी गायब, कधी हजर! मी याद्यांवर याद्या चढवत राहिलो. मग उमगलं की 'दुसरा' म्हणजे राखीव खेळाडू नव्हे. यंत्रं दोघांपैकी वाटेल त्याला विचारतात, आणि बाहेरचा खरं बोलून मोकळा होतो. दुसरा रकाना पुसला. तेव्हापासून डबी बंद तर घराचं नेट बंद. याबद्दल घरच्यांचं जे मत आहे ते मला तोंडपाठ आहे.

त्या रात्री पहिल्यांदा लॉग उघडला. कोणत्या यंत्रानं, किती वाजता, कुठलं नाव विचारलं, सगळं ओळीनं. टीव्ही बंद होता, म्हणजे आम्ही तो बंद समजत होतो. काळ्या पडद्यामागून तो दर काही सेकंदांनी एकाच नावाची चौकशी करत होता. डबी म्हणे, ०.०.०.०. थोड्या वेळानं तो पुन्हा दारात. बराच वेळ मी ती झटापट बघत बसलो आणि मला, खोटं कशाला सांगू, फार मजा आली. (इतके टक्के चौकशी अडवली, असा आकडा डबी मोठ्या टायपात दाखवते, पण त्यावर छाती फुगवू नये. नकार मिळालेला टीव्ही शंभरदा विचारतो आणि शंभरही वेळा मोजला जातो.)

सगळंच अडतं असंही नाही. यूट्यूबच्या व्हिडिओतल्या जाहिराती व्हिडिओच्याच घरातून येतात. त्यांचं दार लावलं तर व्हिडिओही बाहेर राहतो. काही ॲपं तर डबीला विचारतच नाहीत. २०१८ साली ठरलेल्या एका पद्धतीनं डीएनएसची चौकशी कुलूपबंद करून थेट बाहेर धाडता येते. पहिल्यांदा याचा मला संताप आला. ही पद्धत कशासाठी काढली, हे नंतर वाचलं. वाटेवर कान देऊन बसलेल्याला काही ऐकू जाऊ नये, म्हणून. आमच्या घरात वाटेवर बसलेला तो मीच होतो.

तोवर माझा हुद्दा वाढला होता. "अरे, नेट गेलं," बायको आतून म्हणे. मी जाऊन बघे तर तिनं शोधनिकालातल्या सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलेलं.

"अगं, तो निकाल नाही, जाहिरात आहे. खालच्यावर दाब."

"मला हाच हवाय."

"पण ती जाहिरात..."

"असू दे की. मला तीच वस्तू घ्यायची आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबीला पाच मिनिटं गप्प बसवायची सोय आहे, ती मी बायकोच्या फोनवर देऊन टाकली. पाच मिनिटं डबीही खरं बोलते.

कुठलं नाव चुकून अडलंय हे शोधायचं तर लॉग चाळावा लागतो. असाच एकदा मुलीच्या फोनवरचं ॲप अडलं म्हणून चाळत होतो. मध्येच आईच्या फोनच्या ओळी आल्या. डबीला फक्त साइटचं नाव दिसतं, आत काय वाचलं ते दिसत नाही. पण नावातच गुडघा आणि शस्त्रक्रिया असेल तर आत डोकवायची गरज काय? चार रात्री, तेच नाव. आईनं गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुडघा कसा आहे गं?"

तिनं मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जिना चढताना दिसलं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्यासमोर जिना कधी चढले?"

पुढे गुडघ्याचं सगळं नीट बोलणं झालं, डॉक्टरांकडेही जाऊन आलो, त्यात अवघड काही नव्हतं. पण तिचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. बंद टीव्ही रात्रभर काय करतो, हे पकडताना मला मजा आली होती, आणि तसाच दिवे मालवून मी आईच्या ओळी वाचल्या होत्या. फरक एवढाच की टीव्हीला डबी आडवी आली होती. मला आडवं येणारं घरात कोणी नव्हतं.

पाय-होलच्या सेटिंगांत खासगीपणाच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीवर सगळं दिसतं, पुढच्या पायरीवर साइटींची नावं झाकतात, मग विचारणाऱ्यांचीही, आणि शेवटचीवर नुसते आकडे उरतात: इतक्या चौकशा आल्या, इतक्या अडवल्या, बास. जुना लॉग पुसून टाकला आणि डबी शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवली. ती अजूनही दर रविवारी पहाटे आपल्या याद्या ताज्या करून घेते आणि दिवसभर इमानानं खोटं बोलते, पण कोणाशी बोलली ते मला सांगत नाही.

परवा मुलगी खोलीतून ओरडली, "बाबा, एक साइट उघडत नाहीये. तुमच्या डबीनं अडवलीय."

"कुठली?"

"आहे एक."

"नाव सांग, लगेच मोकळी करतो. आता मला दिसत नाही."

आतून काही वेळ आवाज आला नाही.

"राहू दे," ती म्हणाली, "मी मोबाइल डेटावर बघते."